‘मिटवू का?’ असं तुम्ही विचारलं होतं, काका

तुमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर तुमचा आहे का? ‘हो’ म्हणायची घाई करू नका. तो तुम्ही आणलात, त्याच्यावरची धूळ तुम्ही पुसता, हे मान्य. पण उद्या सकाळी त्यानेच पडद्यावर पाटी लावली की आता तुमचं-माझं जमणार नाही, तर तुम्ही काय करणार? मान खाली घालून नवा आणायला जाणार?

भालेराव काका, हा प्रश्न तुमचाच आहे. पत्रकाची पहिली ओळ वाचणाऱ्याच्या छातीवर बोट ठेवणारी हवी, हे तुम्ही शिकवलंत. “‘सर्व बंधु-भगिनींना कळविण्यात येते की’ असं सुरू केलंस तर लोक त्यात भजी बांधतात,” हेही तुमचंच. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. परवा विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाच जण बोलले आणि पाचही जणांनी तुम्हाला ‘शांत, सोशिक’ म्हटलं. मी सतरंजीवर शालनकाकूंच्या शेजारी बसले होते. काकूंचे डोळे सुजलेले होते, तरी माझ्याकडे वाकून त्या म्हणाल्या, “दुसऱ्याच कुणाचा कार्यक्रम चाललाय का गं हा?”

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही कुठे जन्मलात, किती शिकलात, ते लिहायला विहाराचं मंडळ आहे. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि एक गोष्ट मी तुमच्यापाशी कधीच कबूल केली नाही. ती आज सगळ्यांसमोर सांगणार आहे, कारण तुम्ही ती सगळ्यांपासून लपवलीत.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. बुधवार पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात तुम्ही अक्षरांचे खिळे जुळवायचात. शिशाचे खिळे गेले, कॉम्प्युटर आला, तेव्हा तुम्ही त्याच खुर्चीवर बसून कळफलक शिकलात. आमच्या वस्तीची सगळी पत्रकं तुमच्या बोटांतून गेली. पाण्याच्या टाकीचं, रात्रशाळेचं, जयंतीचं, संपाचं. बरीचशी माझ्या वडिलांनी लिहिलेली आणि तुम्ही निम्मी कापलेली. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नंतर आली, पत्रकं आधी. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले. सातचा पाढा उलटला की मागे ‘जागे व्हा!’ दिसायचं.

निवृत्त झाल्यावर तुम्ही हडपसरला विहारामागच्या खोलीत वाचनालय चालवायला घेतलंत. दोन कपाटं पुस्तकं आणि कुठल्याशा कॉलेजने टाकून दिलेले चार कॉम्प्युटर. त्यातल्या एकात तुम्ही टाइप केलेली सगळी पत्रकं होती. तीस वर्षांची.

त्या कॉम्प्युटरवर एक दिवस पाटी आली. इंग्रजीत. तुम्ही मला हाक मारलीत, “संपादकबाई, हे काय म्हणतंय बघा.” मला चिडवायचं असलं की तुम्ही मला अहो-जाहो करायचात. मी वाचलं. कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती या यंत्रावर चालणार नाही, जुनीची देखभाल बंद होणार, नवं यंत्र घ्या. तुम्ही म्हणालात, “एका शब्दात सांग.”

मी म्हटलं, “अपात्र.”

मी सहज म्हटलं होतं. तुमचा चेहरा मात्र बदलला. तुम्ही चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. “अपात्र. हा शब्द आपल्याला कुणी कुणी वापरलाय, माहितीये ना? पण ते निदान समोर उभे राहून म्हणायचे. हा कोण, कुठे बसलाय?”

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन बुधवार पेठेत गेलात. तुमच्या जुन्या छापखान्याजवळच्या गल्लीत, जिथे एका दुकानात वायरी आणि पुढच्या दुकानात त्या वायरींचं दुःख विकतात. हे वाक्यही तुमचंच. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “कितवी पिढी?”

“माझी?”

“मशीनची हो, काका.”

तुम्ही सांगितलंत. तो म्हणाला, “भंगारात द्या. जुन्या पिढीचं आता चालत नाही.”

“मी पण जुन्या पिढीचाच आहे. मला कुठे देता?”

“तुम्हाला बसायला स्टूल देतो,” तो म्हणाला, आणि खरंच दिलं. मग हळूच म्हणाला, “त्या प्रणालीऐवजी लिनक्स टाकून बघा. फुकट असतं. पण माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही.”

‘फुकट’ म्हटल्याबरोबर, फुकटचं काही नको म्हणत, तुम्ही स्टुलावरून उठलात. परतीच्या बसमध्ये मी तुम्हाला समजावत होते, हातवारे करून, पुढच्या सीटवरच्या बाईंना कोपर लागेपर्यंत. काका, हे फुकट नाही, हे मुक्त आहे. ते कसं बनवलंय ते कुणीही उघडून पाहू शकतं, बदलू शकतं, शेजाऱ्याला देऊ शकतं. जगभरची माणसं मिळून ते लिहितात. तुम्ही ऐकत होतात. मगरपट्ट्याच्या चौकात बस अडकली तेव्हा म्हणालात, “मुक्त म्हणजे मोठा शब्द झाला. भाषणातला. मोकळं म्हण. फुकट नव्हे, मोकळं.” आठवड्याभरात त्याचं पत्रक तयार होतं. तुमच्या पत्रकांत सगळ्यात लहान, सात ओळींचं.

मग निवडायची वेळ आली. नवख्या माणसाचं इथेच कंबरडं मोडतं. लिनक्स म्हणजे एक वस्तू नव्हे. उबुंटू आहे, मिंट आहे, डेबियन आहे, फेडोरा आहे आणि त्यांची लेकरं-नातवंडं वेगळी. मी तेव्हा जळत्या निखाऱ्यासारखी होते. मला सगळ्यात शुद्ध हवं होतं, ज्यात कुठल्या कंपनीचा एकही बंदिस्त तुकडा नाही असं. मी इंटरनेटवरच्या भांडणांचे कागद छापून आणले. तुम्ही ते चाळलेत आणि म्हणालात, “यात सगळ्यांनी सगळ्यांना मूर्ख म्हटलंय. कुणी कुणाला काय टाइप करायचंय, ते विचारलेलं दिसत नाही.”

तुम्ही निवड केलीत ती मंडईत भाजी घेतल्यासारखी. तुम्ही मंडईत काकूंच्या मागे पिशवी धरून उभे असायचात ना, तेव्हा काकू जे करायच्या तेच: आधी घरी कोण जेवणार आहे ते आठवायचं. वाचनालयात कोण येतं? दहावीच्या मुली, अर्ज भरणारे, पेपर वाचणारे आजोबा आणि तुम्ही. जुनी यंत्रं, कमी मेमरी, एक म्हातारा प्रिंटर. तेव्हा हलकं हवं. ज्याच्यावर काही अडलं तर फोन करायला इथलंच कुणी तरी हवं. आणि मराठी नीट यायला हवं.

या शेवटच्या अटीवर तुम्ही जो छळ मांडलात! प्रत्येक लिनक्स आधी पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघायचं, यंत्रात बसवायचं नाही. “आधी पाहुणा म्हणून येऊ दे. राहायला ठेवायचं की नाही ते चहा झाल्यावर बघू.” पाहुणा सुरू झाला की तुम्ही त्याला दोनच शब्द टाइप करायला लावायचात. दऱ्या. आणि कुऱ्हाड. खिळे जुळवणाऱ्या माणसाला तो झोपलेला अर्धा र किती प्रिय असतो, ते मला तेव्हा कळलं. एका पाहुण्याने ‘दऱ्या’चं ‘दर्या’ करून दाखवलं. तुम्ही त्याचा पेन ड्राइव्ह उपटलात. “सह्याद्रीच्या दऱ्या लिहायला गेलो आणि समुद्र आला. बुडाला की नाही महाराष्ट्र?”

मी म्हटलं, “काका, फाँट बदलला की होतं ते नीट.”

“नवख्या माणसाला ते कुठून माहीत असणार? तो म्हणेल, चूक माझीच. गरीब माणूस पडद्याशी भांडत नाही, प्रज्ञा, तो स्वतःलाच अडाणी म्हणतो. म्हणून पहिल्या दिवशी जे नीट दिसेल तेच घ्यायचं.”

सहा पाहुणे झाले. सातवा राहिला. कुठला, ते मी इथे लिहिणार नाही. गुपित नाही ते, वाचनालयात येऊन कुणीही बघावं. पण नाव लिहिलं की लोक तेच नाव उचलतील आणि निवड केल्याच्या थाटात फिरतील. उसनी निवड ही निवड नव्हे, यावर आपलं दोघांचं एकमत होतं. आपली एकमतं मोजकीच, त्यातलं हे एक.

आता ती गोष्ट.

यंत्रात बसवायचा दिवस शनिवार ठरला. दुपारी बारा वाजता मी येणार, येताना रिकामा पेन ड्राइव्ह आणणार, त्यावर आधी सगळ्या पत्रकांची प्रत काढायची आणि मगच जुन्याच्या शेजारी नवं बसवायचं. जुनं तसंच ठेवून, शेजारी. आणि हे सगळं मराठीत करायचं, हा माझा हट्ट. तुम्ही म्हणाला होतात, “इंग्रजी ठेव की. मला बटणांच्या जागा कळतात.” मी म्हटलं, “आपल्या भाषेत आहे तर आपल्याच भाषेत करायचं. नाहीतर पत्रक काढायचं कशाला?” तुम्ही हात जोडलेत.

सव्वाबाराला मी अजून स्वारगेटच्या बसमध्ये होते. तुमचा फोन आला.

“सुरू केलंय मी.”

“थांबा ना काका, आलेच.”

“थांबायला मुहूर्त काढलाय का? इथे लिहिलंय ‘प्रस्थापित करा’. जन्मभर प्रस्थापितांविरुद्ध पत्रकं काढली आणि आता मीच प्रस्थापित करू?” तुम्ही हसत होतात. तुमच्या मागे पंखा खडखडत होता, माझ्या पुढे कंडक्टर ‘पुढे सरका, पुढे सरका’ ओरडत होता. मग तुम्ही एक लांब वाक्य वाचलंत. त्यातलं मला शेवटचं तेवढं ऐकू आलं.

“... मिटवू का?”

मला वाटलं, एखादी खिडकी उघडी राहिली असेल पडद्यावर. मी म्हटलं, “हो हो, मिटवा. मग पुढे जा.”

वाक्य होतं, ‘डिस्क मिटवा आणि प्रस्थापित करा’. तुम्ही आयुष्यभर छत्री मिटवलीत, पेपर मिटवलात, दोन भावांचे वाद मिटवलेत. मिटवलेलं पुन्हा उघडतं, हे तुम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं व्याकरण. ज्याने कुणी ते भाषांतर केलं, त्याला ‘पुसून टाका’ म्हणायचं होतं. भाषांतर करणाऱ्याचं मराठी कोशातलं होतं, तुमचं घरातलं. आणि तुम्ही तरीही मला विचारलंत. हे मी विसरू शकत नाही, काका. तुम्ही विचारलंत.

मी पोचले तेव्हा पडद्यावर सुंदर हिरवी टेकडी होती. तुम्ही खुर्चीत मागे रेलून बसला होतात, लग्न लावून दमलेल्या वधुपित्यासारखे. “बघ. अपात्र म्हणे! जुनं कुठाय ते, तेवढं दाखव. पत्रकं घेऊ आधी.”

मी शोधलं. पुन्हा शोधलं. पेन ड्राइव्ह माझ्या पिशवीत होता, रिकामा. मी काही बोलायच्या आधी तुम्हाला कळलं. तुम्ही उठून खिडकीशी गेलात आणि बराच वेळ बाहेरच्या पिंपळाकडे पाहत राहिलात. मग म्हणालात, “चहा आणतेस?”

त्या संध्याकाळी मंडळाची माणसं आली. मंडळाचे चिटणीस साळवे सर तुमच्यावर ओरडले, माझ्यादेखत. “कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला? तीस वर्षांचं साहित्य! कुणी केलं हे?”

तुम्ही म्हणालात, “मी मिटवलं.”

मी तिथेच उभी होते. कपाटाला टेकून. ‘जागे व्हा’वर पाढे शिकलेली मी, चौकात माइक हातात दिला तर न थांबणारी मी, मला चार शब्द बोलता आले नाहीत. मी हो म्हटलं होतं, एवढेच.

आठ-दहा दिवसांनी तुमच्या घरातल्या एका जुन्या पेन ड्राइव्हवर एक पत्रक सापडलं. पाण्याच्या टाकीचं. आपण ते नव्या यंत्रावर उघडलं. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. मी म्हटलं, बिघडलंय. तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला उलगडायला एक मिनिटही लागलं नाही. छापखान्यात जो जुना फाँट होता, तो आत इंग्रजी अक्षरंच साठवायचा आणि वरून त्यांना मराठीचं सोंग द्यायचा. तो फाँट ज्याच्याकडे नाही, त्याला मराठी दिसणारच नाही. फाँट दुसऱ्याचा, किल्ली दुसऱ्याची.

“म्हणजे तीस वर्षं मी मराठी टाइप करतोय असं मला वाटत होतं,” तुम्ही म्हणालात. “आणि यंत्राला त्यातलं एक अक्षरही मराठी आहे हे माहीत नव्हतं.”

मी इतकी चिडले की टेबलावर मूठ आपटली. तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही घरी गेलात, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढलीत. प्रत्येक पत्रकाची एक छापील प्रत तुम्ही त्यात ठेवली होती, जुळवणाऱ्याची सवय म्हणून. दुसऱ्या दिवशी दहा वाजता वाचनालय उघडून तुम्ही पहिलं पत्रक समोर ठेवलंत आणि पुन्हा टाइप करायला बसलात. या वेळी खऱ्या मराठी अक्षरांत, जी कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही फाँटमध्ये मराठीच राहतात. रोज दोन. बोटं सुजली की एक.

अशाच एका सकाळी, डोकं वर न काढता, तुम्ही म्हणालात, “बरं झालं मिटवलं. नाहीतर माझ्यानंतर तुम्ही ती ट्रंकेतल्या शालीसारखी जपली असती. एकदाही न उघडता.”

बरं झालं मिटवलं. कुणी, ते तुम्ही म्हणाला नाहीत. मराठीत कर्ता गाळता येतो आणि काय गाळायचं, हे तुमच्याइतकं कुणाला कळत होतं? मीही विचारलं नाही. मी समोरची ओळ वाचून दाखवत राहिले. नंतर तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा तीन वेळा तोंडाशी आलं. एकदा नर्स आली, एकदा तुम्हाला झोप लागली, एकदा मी घाबरले.

तो कर्ता मी आज भरते. साळवे सर, मंडळी, ते मी मिटवलं. काकांनी विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं.

आणि तुम्ही तेवढ्यावर थांबलात? छे! तुम्हाला तो शब्द सोसवेना. हे मोकळं आहे ना, मग शब्दही बदलता आला पाहिजे, असं म्हणून तुम्ही माझ्याकडून त्या भाषांतर करणाऱ्यांचा पत्ता काढून घेतलात आणि पत्र लिहिलंत. तिकडून एका स्वयंसेवकाचं उत्तर आलं, फार सभ्य: ‘मिटवणे’ हा शब्द कोशात या अर्थाने आहे. तुमचं प्रत्युत्तर माझ्याकडे आहे. “महाशय, कोश बरोबर आहे. तरी आपण एकदा छत्री मिटवून पाहावी. ती पुन्हा उघडते. डिस्क पुन्हा उघडत नाही, हा आमचा अनुभव आहे.” वादाचे चार फेरे झाले. पाचव्या पत्रात त्यांनी मान्य केलं आणि नवं वाक्य तुम्हीच द्या म्हणून विनंती केली. मी उड्या मारल्या. तुम्ही म्हणालात, “ठीक.” आणि कागद ओढून वाक्य कापत बसलात, अर्धा दिवस.

सांगा मला, कुठल्या कंपनीने हडपसरच्या एका निवृत्त माणसाला विचारलं असतं, तुमचा शब्द द्या म्हणून? तिने तर अपात्र ठरवून खोलीबाहेर काढलं होतं.

आता आपलं भांडण. तो म्हातारा प्रिंटर चालेना. त्याला चालवणारा एक तुकडा बंदिस्त होता, कंपनीचा, आत काय आहे ते न दाखवणारा. तुम्ही तो आपल्या यंत्रात टाकायला निघालात. मी आडवी आले. तत्त्व म्हणजे तत्त्व.

तुम्ही म्हणालात, “बायका हंडे घेऊन उभ्या आहेत. आधी हंडा भरू दे, मग विचार नळ कुणाचा ते.”

मी म्हटलं, “काका, नळ कुणाचा, हेच तर आपलं सगळं भांडण आहे! पाणवठ्यावर आपण दुसरं काय विचारलं होतं?”

तुम्ही गप्प झालात. तुम्हाला गप्प करणं मला कधीच जमलं नव्हतं आणि जमलं तेव्हा मला आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रिंटर चालू होता. तुकडा टाकला होतात तुम्ही. दहावीच्या मुली अर्ज छापून नेत होत्या, हसत होत्या, आणि मी दारातून परत गेले. आठवडाभर आले नाही. तो आठवडा मला परत हवा आहे, काका. पण मुद्दा मी मागे घेणार नाही, तुम्ही गेलात म्हणूनसुद्धा नाही. मेलेल्या माणसाशी वाद हरायचा ही आपल्याकडची रीत आहे. ती तुम्हाला कधीच पटली नसती.

परवा काकूंनी तुमची वही दिली, ज्यात तुम्ही पाहुण्यांची परीक्षा लिहायचात. शेवटच्या पानावर आहे: “प्रिंटर. प्रज्ञाचं म्हणणं बरोबर. पण मुलींचे अर्ज मंगळवारी जायचे होते.” बस्स. यातही तुम्ही जिंकलात की मी, मला ठरवता येत नाही.

आता तुमच्यामागे काय चाललंय, ते ऐका. पुण्यानुमोदन झाल्यावर चहा चालू असताना साळवे सरांनी जाहीर केलं की एक हितचिंतक वाचनालयाला नवे कॉम्प्युटर देणार आहेत, त्या नेहमीच्या बंद प्रणालीसकट. ही जुनी चार यंत्रं भंगारात जातील. आणि खोलीला तुमचं नाव देणार, दारावर संगमरवरी फलक.

मी म्हटलं, “सर, त्यांचं नाव दारावर आणि त्यांचं काम भंगारात?”

“अगं, भावना समजतात. पण ते लिनक्स काकाच वापरायचे आणि तू. लोकांना नेहमीचंच लागतं. कोण येऊन बसणार त्यावर?”

“आणि पेटीतली पत्रकं? अर्ध्यावर आली आहेत.”

“ती ठेवू की जपून.”

शालनकाकू तिथेच चहा घेत होत्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, “साळवे, जपून ठेवायला मी त्यांचा चष्मा ठेवलाय. पत्रकं वाचायची असतात.”

साळवे सर वाईट माणूस नाहीत, हे मला कबूल केलं पाहिजे. ते म्हणाले, “बरं. पंधरा दिवस बघू. लोक येऊन बसले तर यंत्रं राहतील.”

त्या पंधरातले दोन गेले. काल निर्मलाताई आल्या, आपल्या अंगणवाडीच्या. त्यांच्या लॅपटॉपलाही तीच पाटी आली आहे, अपात्रतेची. मी तुमच्या पद्धतीने गेले. आधी पाहुणा, आधी ‘दऱ्या’, आधी घरी कोण जेवणार ते. त्यांनी स्वतः निवडलं, मी तोंड बंद ठेवलं, तुम्ही असतात तर विश्वास ठेवला नसता. मग बसवायला घेतलं, मराठीतूनच. त्या भराभर बटणं दाबत पुढे गेल्या आणि एका पडद्यापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी मोठ्याने वाचलं:

“या डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल. प्रत काढली का?”

त्या म्हणाल्या, “अगंबाई, मुलांचे फोटो आहेत यात. थांब, थांब.” आणि मग, पडद्याकडे बघत, “कुणी लिहिलंय गं हे? आपल्यातलंच कुणीतरी बोलल्यासारखं वाटतंय.”

मी त्यांना सांगितलं, कुणी लिहिलंय ते. मग मात्र मला उठून खिडकीशी जावं लागलं, पिंपळाकडे बघायला.

काका, तुमचा फलक मला नको आहे. तुमचं वाक्य कुठल्या कुठल्या गावांत, मला माहीत नसलेल्या घरांत, मराठीत सुरू होणाऱ्या पडद्यावर कुणाचा तरी हात धरतंय. संगमरवराला हे जमायचं नाही.

आणि आता वाचणाऱ्यांनो, तुमच्याशी बोलते. उरलेल्या तेरा दिवसांत एकदा हडपसरच्या आमच्या वाचनालयात या. विहारामागची खोली, दहा ते एक. काही येत नसेल तरी या, काकांनाही येत नव्हतं. पेटीतलं एक पत्रक उचला, यंत्रासमोर बसा आणि ते टाइप करा. एकच, हळूहळू, एका बोटाने चालेल. घरातलं अपात्र ठरलेलं यंत्र असेल तर तेही आणा, काय बसवायचं ते तुम्ही निवडा. पाऊस आहे, छत्री घेऊनच याल. ती दारात मिटवा. आत आल्यावर काहीही मिटवू नका.